सशकरक्षण लीळेचे मर्म आणि नित्याच्या व्यवहारातील दया



भाद्रपद शुद्ध द्वितीया हा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा अवतारदिन होय. त्या पर्वानिमित्त नाशिक नगरातील सातपूर येथे जमलेल्या मंडळींपुढे निरूपण करण्याचा योग आला. लीळाचरित्राच्या ‘एकांक’ भागातील सशकरक्षणाची लीळा हा निरूपणाचा विषय होता. निरूपण आटोपले, आरती झाली, प्रसादाची पंगत बसू लागली. तेवढ्यात एक वयस्क उपदेशी गृहस्थ जवळ येऊन बसले. मूळचे खानदेशातले, तरुणपणी पोटासाठी सातपुरात आलेले आणि तीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यात राबून निवृत्त झालेले. दंडवत करून ते म्हणाले, “बाबा, एक विचारू का? स्वामींनी सांगितलेला आचार म्हणजे अटन, विजन, भिक्षा, स्मरण. तो तुम्हां साधूंना साधतो. माझा सारा जन्म यंत्रापुढे उभा राहण्यात गेला. माझ्या हातून घडले ते एवढेच, की नव्या पोराला काम शिकवावे, कुणाचा डबा आला नसेल तर आपल्यातली अर्धी भाकरी द्यावी, शेजारी आजारी पडला तर त्याला दवाखान्यात न्यावे. पण आपलेच शास्त्र सांगते, की मोक्ष देणारा एक परमेश्वर. कर्माने मोक्ष नाही. मग मी जे केले ते कशात जमा धरायचे?”

प्रश्न सरळ होता, पण हलका नव्हता. पंगत वाढली गेली होती, मंडळी खोळंबली होती. म्हणून त्या वेळी दोन वाक्यांत काहीतरी बोलून मी उठलो. ते उत्तर माझे मलाच पुरले नाही. या लेखात तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला आहे, कारण तो एका गृहस्थाचा नसून आपल्या पंथातील अनेक वासनिकांचा आहे, असे मला वाटते.

प्रश्नाचे स्वरूप

या प्रश्नाची दोन उत्तरे लोकात सहज दिली जातात, आणि आपल्या शास्त्राच्या दृष्टीने ती दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर असे, की चांगले वागावे, चार जणांच्या उपयोगी पडावे, हाच खरा धर्म; बाकी स्मरण, आचार, ज्ञान यांची आवश्यकता नाही. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे ज्ञान ज्याला झाले आहे, त्याला हे पटणार नाही. जीव अविद्येने बद्ध आहे. तो कर्म करतो, त्या कर्माचे फळ देवतांकडून त्याला मिळते आणि भोगून संपते. संपणाऱ्या फळांच्या राशीतून न संपणारा आनंद निघत नाही. बद्ध जीवाला सोडविण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच. तेव्हा केवळ परोपकाराच्या बळावर कोणी मुक्त होतो, असे म्हणणे म्हणजे शास्त्राचा पायाच काढून घेणे होय.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ते आपल्यापैकी काहींच्या तोंडी असते. प्रपंचातील दयामाया ही प्रपंचातच राहणार; तिने देव मिळत नाही; म्हणून तिचा विचार साधकाने करू नये, असे ते उत्तर आहे. हे बोलणे वैराग्याचे वाटते. पण पुष्कळदा त्याच्या आड केवळ कोरडेपणा लपलेला असतो. समोर माणूस तळमळत असता डोळे मिटून नामाचा जप करणारा साधक देवाचे नाव घेतो की स्वतःला जपतो, हे त्याचे त्यानेच तपासून पाहावे.

ही दोन्ही उत्तरे सोडून द्यावी लागतात. आता आपल्याजवळ उरते ती लीळा. शंका आली की लीळेकडे जावे, हीच आपली परंपरा आहे.

लीळेतील तीन प्रसंग

स्वामी एकाकी संचार करीत असतानाची ही लीळा आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ होते. पारध्यांनी कुत्री मागे लावलेला एक ससा जिवाच्या आकांताने धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. (येथे पारधी म्हणजे शिकार करणारे एवढाच अर्थ घ्यावा, कोणत्याही जातीचा निर्देश समजू नये.) मागोमाग पारधी आले. या सशावर त्यांची पैज लागलेली होती. त्यांनी ससा मागितला. जो शरण आला त्याला येथून मरणाकडे धाडले जात नाही, असे स्वामींनी त्यांना समजाविले. ससा वाचला. पारधी गेल्यावर स्वामींनी त्या सशाला महात्मा म्हणून संबोधिले आणि मोकळे केले.

लीळा लहान आहे. बालपणापासून आपण ती ऐकत आलो, म्हणूनच बहुधा तिच्यात आपण थांबत नाही. ससा वाचला, एवढे कळले की पुढे जातो. परंतु तिच्यात तीन प्रसंग आहेत आणि तिन्हींचा अर्थ निरनिराळा आहे.

पहिला प्रसंग आश्रयाचा. ससा कोणाचा, कोठून आला, त्याला वाचवून काय लाभ, यातले काहीही येथे पाहिले गेले नाही. त्याने विनंती केली नाही. त्याला वाणीच नाही. तो भ्याला होता आणि जवळ आला, एवढेच त्याचे अधिकारपत्र. आपण मात्र मदत करण्यापूर्वी पुष्कळ चौकशी करतो. हा आपल्या गावचा का, आपल्या जातीचा का, पंथातला का, उद्या आपल्या उपयोगी पडेल का, याने यापूर्वी आपल्याशी कसा व्यवहार केला होता! सशाची अशी चौकशी झाली असती, तर ती पुरी होण्याआधीच कुत्र्यांनी आपले काम उरकले असते.

दुसरा प्रसंग पारध्यांचा. याकडे आपले लक्ष कमी जाते. स्वामींच्या पुढे उभे असलेले लोक हिंसा करावयास निघालेले होते. तरीही स्वामींनी त्यांचा धिक्कार केला नाही, शाप दिला नाही, भय दाखविले नाही. त्यांच्याशी ते बोलले. दीनाची बाजू घेताना आपण बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी द्वेष करू लागतो, आणि त्या द्वेषालाच दया समजतो. कारखान्यातील एका हेल्परवर अन्याय झाला म्हणून मुकादमाला शिव्या घालणे सोपे असते. त्या मुकादमाशी शांतपणे बोलून त्याचा हात थांबविणे कठीण असते. लीळेत सशाचा जीव वाचला, हे तर खरेच. पण पारध्यांच्या हातून घडणारी हिंसाही टळली. म्हणजे कृपा दोहोंवर झाली. पैजेपायी जीव घेणारा माणूसही एका अर्थाने पैजेने बांधलेलाच असतो.

तिसरा प्रसंग सोडून देण्याचा. वाचविलेला ससा स्वामींनी जवळ ठेवून घेतला नाही. त्याला ‘मी तुला वाचविले’ असे जाणवू दिले नाही. उलट त्याला मानाने हाक मारली आणि वाट मोकळी करून दिली. आपल्या दयेत नेमका येथेच दोष शिरतो. एकदा कोणाला मदत केली की त्याने आपली आठवण ठेवावी, चारचौघांत नाव घ्यावे, वेळप्रसंगी आपल्या बाजूने उभे राहावे, असे आपणांस वाटू लागते. तसे न घडले तर आपण त्याला कृतघ्न म्हणतो. याचा अर्थ आपण सशाला वाचविले खरे, पण त्याच्या गळ्यात एक अदृश्य दोरी बांधून ठेवली.

आश्रय द्यावा, विरोधकाचा द्वेष करू नये आणि उपकार केलेल्याला मोकळे सोडावे, असा या लीळेचा त्रिविध बोध आहे. तो मनी धरून मग नित्याच्या व्यवहाराकडे वळावे.

श्रीप्रभू आणि आद्याचार्य

कोणी म्हणेल, की ससा वाचविणे हा एखादाच प्रसंग. रोजच्या जीवनात असे कोठे घडते? त्याने अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरकडे पाहावे. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा या बहुतांशी गावातल्या गल्लीबोळांतल्या आणि घराघरांतल्या आहेत. जेथे उच्चवर्णीयांची पावले वळत नसत, त्या महार-मातंगांच्या वस्तीत श्रीप्रभू सहज जात. स्पर्शास्पर्शाची रेघ त्यांनी मानली नाही. पाण्यावाचून हाल होत असलेल्या मातंगांनी त्यांना विनविले, तेव्हा श्रीप्रभूंनी ती विनवणी ऐकली आणि त्यांच्यासाठी पाण्याची सोय घडविली, ही लीळा प्रसिद्ध आहे. गावातील लोक त्यांना आपले आईबाप मानीत. ही पदवी चमत्कार पाहून दिली जात नाही. ज्याच्याकडे केव्हाही धाव घेता येते आणि जो धाव घेणाऱ्याला परका समजत नाही, त्यालाच लोक आईबाप म्हणतात.

आता आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांची गोष्ट पाहा. केशोबास हे संस्कृतचे थोर पंडित होते. सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ यांच्या संकलनाचे श्रेय त्यांना आहे. त्यांची ग्रंथरचना संस्कृतातून होऊ लागली, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. त्या भाषेमुळे आपल्या पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानापासून वंचित होतील, असे कारण त्यांनी दिले. हा प्रसंग आपण मराठी भाषेचा गौरव म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मुळात तो दयेचा प्रसंग आहे. आचार्यांच्या दृष्टीपुढे भाषेचा अभिमान नव्हता. कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका होत्या. आपण जे बोलतो आहोत ते मागच्या रांगेतल्या मनुष्याला कळते आहे की नाही, याची काळजी वाहणे ही सुद्धा दयाच आहे. बँकेच्या खिडकीशी अर्ज हातात धरून गोंधळून उभ्या असलेल्या म्हातारीला जो तरुण न रागावता तो अर्ज भरून देतो, त्याने आद्याचार्यांचेच अनुकरण केले, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शके 1200च्या सुमारास, म्हणजे इ.स. 1278च्या आसपास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींच्या सहवासात ज्यांनी जे पाहिले, ऐकले, ते त्यांच्याकडून मिळवून त्यांनी ते ग्रथित केले. त्या ग्रंथात तत्त्वनिरूपण तर आहेच. पण कोण कोठे बसले, कोणी काय वाढले, कोण रुसले, कोणाची कशी समजूत घातली, असे बारीकसारीक प्रसंगही जपून ठेवलेले आहेत. महदाइसा वारंवार प्रश्न विचारीत आणि स्वामी त्यांना उत्तरे देत, हेही त्यात आहे. म्हाइंभटांना हे प्रसंग क्षुल्लक वाटले असते तर त्यांनी ते गाळून टाकले असते. त्यांनी ते गाळले नाहीत. ज्या पंथाचा आद्यग्रंथ अशा लहान लहान प्रसंगांनी बनला आहे, त्या पंथाच्या अनुयायाने लहान कृतीला लहान म्हणू नये.

अहिंसेची सूक्ष्म बाजू

अहिंसा हा आपल्या आचाराचा कणा आहे. पाणी गाळून प्यावे, पाहून पाऊल टाकावे, किडामुंगीलाही पीडा देऊ नये, हे आपण लहानपणीच शिकतो. पण हिंसा कायिक असते तशीच वाचिक आणि मानसिकही असते. कोणत्याही जीवाला आपले भय वाटू नये, ही अहिंसेची खरी कसोटी आहे. या कसोटीला मी स्वतः कसा उतरलो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

संन्यास घेऊन मला दोनच वर्षे झाली होती. खानदेशातील एका खेड्यात आमचा मुक्काम होता. भिक्षेच्या वाटेवर एक म्हातारी एकटीच राहत असे. पहिल्या दिवशी तिने झोळीत भाकरी घातली. ती शिळी होती, कडेने कडक झालेली. मी शब्दाने काही बोललो नाही. परंतु माझ्या चेहऱ्यावर आठी उमटली असावी, आणि ती म्हातारीने पाहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा दार लोटलेले होते. आत ती आहे, हे कळत होते. फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता. तिसऱ्या दिवशीही तसेच. शेवटी शेजारणीने सांगितले, की बाबा, तिच्याकडे एकदाच चूल पेटते. ताजे देता येत नाही म्हणून तिला तुमच्यापुढे यायची लाज वाटते.

मी मुंगी वाचवीत चालणारा साधू होतो. आणि माझ्या एका आठीने एका वृद्धेला तिच्याच घरात लपवून बसविले होते. तिला माझे भय वाटले. भिक्षान्नाला चव नसते, ते आवडीनिवडीने घ्यावयाचे नसते, हे मी पाठ केले होते. पण अंगी बाणवले नव्हते. माझ्या गुरूंना हे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “उद्या जा, आणि दाराबाहेरूनच तिच्याकडे शिळी भाकरी माग.” मी गेलो आणि मागितली. पुष्कळ वेळाने दार उघडले. ती भाकरी मी तेथेच, तिच्या ओट्यावर बसून खाल्ली. म्हातारी काही बोलली नाही. तांब्याभर पाणी मात्र तिने आणून ठेवले.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. आम्ही साधू जगतो ते अनोळखी गृहस्थांच्या रोजच्या दयेवर. दारोदारी उभे राहून कोरभर भाकरी घेणे, हा आचार स्वामींनी आमच्या अहंकाराच्या नाशासाठी लावून दिला; पण त्यातून आम्ही हेही शिकावे, की हे जग अजून दार उघडते आणि भाकरी देते. ज्याचे पोट लोकांच्या दयेवर चालते, त्याने दयेला प्रपंच म्हणून हिणवावे, यासारखी विसंगती नाही.

सातपूरचा पाठ

आता ज्या गावी हा प्रश्न विचारला गेला, त्या गावाकडे येऊ. त्र्यंबकच्या रस्त्यावरचे सातपूर हे एके काळचे शेतकऱ्यांचे खेडे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूरच्या शेतांत कारखाने उभे राहिले, आणि 1982 साली नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा सातपूर तिच्यात आले. खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथून माणसे कामासाठी आली. पुढे उत्तर प्रदेश, बिहार येथूनही आली. श्रमिकनगर, अशोकनगर अशी वस्त्यांची नावेच तेथला इतिहास सांगतात. अशा गावात कोणी कोणाचा सातपिढ्यांचा शेजारी नसतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाचे गाव, भाषा, देव, जेवण निराळे असते. आणि म्हणूनच तेथे दयेची परीक्षा अधिक खरी होते. नात्यागोत्यात केलेली मदत ही बरीचशी देवघेव असते. सशाप्रमाणे अकस्मात जवळ आलेल्याला आश्रय देणे, ही दया.

2020 साली महामारीमुळे मार्च महिन्यात सारे व्यवहार बंद झाले, तेव्हा ही परीक्षा सर्वांसमोर झाली. हाताला काम नाही, खोलीचे भाडे देववत नाही, अशा स्थितीत मुंबई-आग्रा महामार्गावरून मजुरांचे तांडे पायी चालू लागले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, पायांत तुटकी चप्पल. त्या वर्षी 1 मे रोजी रात्री नाशिकहून भोपाळकडे मजुरांची विशेष रेल्वेगाडी सुटली; महाराष्ट्रातून सुटलेली ती अशी पहिली गाडी. दिवस कामगारांचा, दिवस महाराष्ट्राचाही, आणि कामगार महाराष्ट्र सोडून निघालेले! त्या काळात नाशिकच्या अनेक घरांनी, संस्थांनी, देवस्थानांनी, गुरुद्वारांनी वाटसरूंना अन्नपाणी दिले. आपल्या वासनिकांपैकीही अनेकांच्या चुली त्या दिवसांत दुप्पट पेटल्या. हे चांगलेच झाले.

परंतु माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे. टाळेबंदी उठली, कारखाने सुरू झाले, गेलेली माणसे परत आली. ज्यांना आपण महामार्गावर हात जोडून भाकरी दिली, तीच माणसे आज आपल्या शेजारच्या खोलीत चौघे-पाचजण मिळून राहतात. त्यांचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? तिसरी पाळी करून सकाळी झोपलेल्या माणसाच्या दाराशी आपण आवाज कमी करतो काय? त्यांतला एखादा तापाने फणफणत असला, तर विमा कार्डावर रुग्णालयात उपचार कसे मिळतात, रांग कोठे लावायची, हे त्याला कोणी सांगतो काय? संकटाच्या दिवशी दया करणे एक वेळ सोपे असते. तेव्हा सगळेच करीत असतात आणि सर्वांचे लक्षही असते. साध्या मंगळवारी, कोणी पाहत नसता, अंगात थकवा असता जी दया घडते, तिला बळ लागते.

आणि हा प्रश्न वासनिकांनाच विचारून थांबणे उचित होणार नाही. आपले आश्रम आणि मंदिरेही त्यातून सुटत नाहीत. पर्वकाळी देणगी देणारे यजमान आले की पुढे आसन मांडले जाते; पाळी संपवून तेलकट कपड्यांनी आलेला वासनिक मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसतो. तो तक्रार करीत नाही. करणार नाही. पण तो का बोलत नाही, हे आपण पाहिले पाहिजे. आश्रमातील एखाद्या वृद्ध तपस्विनीला एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारावी लागते, आणि तरुण साधू वैतागतो. आद्याचार्यांनी ज्या वृद्ध स्त्रियांसाठी एका पंडिताची लेखणी वळविली, त्यांच्याच परंपरेतील ही आमची वृद्धा आहे. आपण परस्परांना दंडवत प्रणाम म्हणतो. त्यात लहानथोर, जातपात, वय पाहिले जात नाही, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. तो दंडवत ओठांवरून उतरून डोळ्यांत आणि आवाजात आला पाहिजे.

मग जमा कशात धरावे?

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो.

बाबा रे, तू जे केलेस ते मोक्षाच्या खात्यात जमा होत नाही, हे खरे आहे. ते कशातच जमा धरू नकोस. स्वामींनी ससा वाचविला तो कोणत्या लाभासाठी? परमेश्वराला मिळवावयाचे काहीच नसते. ती निव्वळ कृपा होती. आणि आपला आचार हा त्या कृपेच्या खुणेने चालण्याचा प्रयत्न आहे. फळासाठी केलेली दया ही कर्म होऊन बसते आणि आपले फळ भोगावयास लावून जीवाला पुन्हा बांधते. आज्ञा म्हणून केलेली, आणि करून विसरलेली दया बांधीत नाही. ससा सोडून दिला तशी ती कृतीही सोडून द्यावी.

मग तिचा उपयोग काय, असे विचारशील. उपयोग दोन आहेत. एक तर ज्याला ती मिळाली, त्याचे दुःख तेवढे हलके झाले. हा उपयोग कोणत्याही शास्त्राच्या साक्षीवाचून खरा आहे. भुकेल्याला तुझी अर्धी भाकरी मिळाली, तेव्हा तुझी साधना कोणत्या पायरीवर आहे, हे त्याच्या पोटाने विचारले नाही. आणि दुसरा उपयोग तुझ्या स्मरणाला आहे. ज्याच्या वागण्याचे दुसऱ्यांना भय वाटते, त्याचे मनही निर्भय नसते; ते सदा कुरकुरते, हिशेब करते, कोणाला तरी दोष देते. अशा मनात परमेश्वराचे नाव क्षणभर टिकत नाही. ज्याने दिवसभरात कोणाला दुखविले नाही, तो रात्री स्मरणाला बसला की त्याला आड येणारे थोडे असते. दया मोक्ष विकत घेत नाही. ती स्मरणासाठी अंगण झाडून ठेवते. अंगणात कोणी यावे, केव्हा यावे, हे आपल्या हाती नाही. झाडणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते रोज करावे लागते. काल झाडले म्हणून आज चालत नाही.

आणखी एक. अटन-विजन तुला घडले नाही, याची खंत असू दे. ती खंत चांगली आहे, ती जीवाला परमेश्वराकडे ओढते. पण त्या खंतीपायी यंत्रापुढे घालविलेली वर्षे फुकट गेली, असे म्हणू नकोस. ज्या पोराला तू हात धरून काम शिकविलेस, त्याची बोटे आज शाबूत असतील तर त्यात तुझ्या आवाजातील मऊपणाचा वाटा आहे. कामात चुकलेल्या पोराला दरडावले असतेस, तर तो पुन्हा विचारावयास आला नसता आणि न विचारता यंत्रात हात घातला असता. तुझे त्याला भय वाटले नाही, म्हणून तो विचारीत राहिला. तुझ्यापुरती सशकरक्षणाची लीळा ती तीच.

सातपुरात पंगतीच्या घाईत मी हे उत्तर द्यावयाचे टाळले. त्या दिवशी पंगत थोडी थांबली असती तर काही बिघडले नसते. जवळ आलेल्याला थांबून ऐकणे, हाच तर माझ्या निरूपणाचा विषय होता. निरूपण करणारा निरूपणाला चुकला. हा लेख त्यांच्या वाचनात यावा आणि त्यांनी ती चूक पोटात घालावी. वाचकांनीही एवढे करावे, की उद्या सकाळी घराबाहेर पडताना ज्याचे नाव आजवर विचारले नाही अशा एका शेजाऱ्याचे नाव विचारावे. आणि विचारले हे कोणाला सांगू नये.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी आपणां सर्वांच्या हातून कोणत्याही जीवाला भय न उपजावे, अशी सद्बुद्धी देवोत.

दंडवत प्रणाम.